पांढऱ्या घोडीचा ताबा

आदिलाबादहून तामसीला जाणाऱ्या बसमधल्या कंडक्टर बाईनं मला त्या घोडीबद्दल पहिल्यांदा सांगितलं. मी जनावरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेली, आणि गेली काही वर्षं घोड्यांच्या मागं लागलेली बाई आहे, हे तिला माहीत होतं. तिकीट देता देता ती म्हणाली, "बाई, तीन दिवस झाले, नाल्याच्या पुलाजवळ एक पांढरी घोडी उभी हाय. जाताना तिथंच, येताना तिथंच. हलूनच नाई राह्यली."

श्रावण होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापूस आणि सोयाबीन गुडघ्याएवढं झालं होतं. मी पुलाजवळ उतरले. घोडी चिखलात उभी होती आणि सारं अंग मागच्या पायांवर टाकून तिनं पुढचे पाय लांब ठेवले होते. पाय दुखणारं घोडं असंच उभं राहतं. पुढचे खूर वाढून चपलेच्या टोकांसारखे वर वळले होते. खोगीर बसतं तिथं पाठीवर हातभर जखम, त्यावर माश्या. उजवा डोळा दुधाळ झालेला. शेपटीच्या टोकाला आणि चारही पायांना जुन्या मेंदीचा विटकरी रंग होता. म्हणजे घोडी लग्नाची होती. नवरदेवाच्या वरातीत मिरवलेली.

मी डॉक्टरीण बाईंना फोन लावला. ही मुलगी करीमनगरकडची, आमच्या दवाखान्यात माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी आली. आमच्याशी हिंदीत बोलते, फार तर मोडक्या मराठीत, आणि जनावरांशी तेलुगूत. लग्नं बंद पडली होती त्या कोरोनाच्या काळात घोडीवाल्यांच्या दारात उपाशी जनावरं पाहून आम्ही दोघींनी कुटार, म्हणजे भुसा, आणि हरभऱ्याची चुरी पोचवायला सुरुवात केली होती. ते काम मग सुटलं नाही. लग्नं पुन्हा सुरू झाली तरी उपाशी घोडी काही संपल्या नाहीत.

डॉक्टरीण आली, तिनं घोडीच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि "आगम्मा, आगु," म्हणत, म्हणजे थांब गं बाई थांब म्हणत, हळूहळू हात पायापर्यंत नेला. घोडीनं पाय उचलू दिला नाही. तिला दोष देता येत नव्हता. एक पाय उचलायचा तर बाकीच्या तीन पायांवर भार घ्यावा लागतो, आणि तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती.

अडचण जागेची होती. घोड्यांना नाकातून वाहणारा एक वाईट रोग होतो, तो माणसालाही लागतो. म्हणून नवीन घोडं आलं की त्याचं रक्त तपासायला पाठवायचं आणि अहवाल येईपर्यंत ते दुसऱ्या घोड्यांजवळ बांधायचं नाही, असा डॉक्टरीण बाईंचा नियम. त्यांच्या क्वार्टरमागच्या शेडमध्ये वीटभट्टीवरून आणलेली दोन तट्टं आधीच होती. पुलापासून जवळचं गाव म्हणजे माझं माहेर. तिथं माझ्या मोठ्या भावाचा गोठा बैल विकल्यापासून रिकामा पडला होता.

माझा भाऊ मंडल कार्यालयातून, म्हणजे तेलंगणातल्या तहसीलातून, क्लार्क म्हणून रिटायर झाला. आमचे आई-बाप दोघंही दुसऱ्याच्या शेतात राबले. दादा शिकला, नोकरीला लागला, त्यानं मला शिकवलं, आणि रिटायर झाल्यावर गावात परत येऊन दोन एकर शेत बघत बसला. वहिनी गेल्यापासून तो एकटाच होता. बोलणं कमी. जे बोलायचं ते कार्यालयात बोलल्यासारखं.

मी फोनवर सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "कोणाची हाय?"

"माहीत नाई."

"मंग मी कशी ठेवू? उद्या मालक येईन, म्हणीन चोरली."

"दादा, ती उभी राहू नाई शकत."

मग म्हणाला, "आण. पण मालक सापडला पायजे, अन् त्यानं ताबा लिहून दिला पायजे. कागदाबिगर मी जनावर ठेवत नाई."

एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कडबा अंथरून, दहा माणसांनी मागून रेटून, आम्ही घोडीला तिथं नेलं. डॉक्टरीण बाईंनी रक्त घेतलं, जखम धुतली, धनुर्वाताची सुई दिली. दादा गोठ्याच्या दाराशी हात मागं बांधून उभा होता. त्यानं घोडीला हात लावला नाही, पण संध्याकाळी फोन करून विचारलं, "पाणी किती पेतं हे जनावर?"

मालक सापडायला चार दिवस लागले, आणि तो सापडला खुरामुळं. आदिलाबादला एक म्हातारे नालबंद आहेत. आता बहुतेक बैलांनाच नाल ठोकतात. खूर कापायला मी त्यांना गावी घेऊन गेले. त्यांनी घोडीचा मागचा पाय मांडीवर घेतला, झिजून पत्र्यासारखा झालेला नाल पाहिला, खिळे पाहिले आणि म्हणाले, "ये तो मेरा हाथ है." खिळा ठोकून त्याचं टोक वळवायची त्यांची तऱ्हा वेगळी होती. ती घोडी कोणाची हे त्यांनी तिथंच सांगितलं. जुन्या टांगा अड्ड्यामागं राहणारा माणूस, आधी टांगा हाकायचा, लग्नालाही घोडी द्यायचा, टांगे बंद पडल्यावर नुसत्या लग्नाच्या घोड्या ठेवायला लागला.

मी दुसऱ्याच दिवशी सकाळी तिथं गेले. खरं सांगायचं तर भांडायलाच गेले. वाटेत मी मनात सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. जन्मभर तिच्या पाठीवर पोट भरलं आणि डोळा गेला म्हणून रस्त्यावर टाकली, वगैरे.

एका खोलीचं घर होतं. खोलीत घोडी होती. दुसरी, तरुण, तीही पांढरी, अंग चकचकीत, पायाखाली कोरडी राख पसरलेली. आणि माणूस बाहेर पडवीत खाटेवर. सत्तरीच्या पुढचे असतील. गुडघे सुजलेले. भिंतीला वरातीचं खोगीर टांगलेलं, त्याच्यावरचं जरीकाम काळं पडलेलं. सकाळच्या उजेडात ते एका परातीत चंदी निवडत होते, म्हणजे घोडीच्या हरभऱ्यातले खडे वेचत होते.

मी विचारलं, "काका, तुमची एक घोडी तामसीच्या रस्त्यावर सोडली तुमी?"

त्यांनी मान वर केली नाही. खडे वेचत राहिले. "सोडली नाई," ते म्हणाले. "हिरवं दिसलं तिथं उभी केली."

"अन् निघून आले."

"हो. निघून आलो." मग आणखी दोन खडे वेचून त्यांनी विचारलं, "मेली का?"

"नाई. जिवंत हाय."

त्यांनी परात खाली ठेवली. डोळ्याला पाणी वगैरे काही आलं नाही, पण हात मांडीवर पालथे पडले आणि तसेच राहिले. मी जुळवून आणलेल्या वाक्यांतलं एकही बोलू शकले नाही. पडवीच्या पायरीवर बसले.

ते सांगू लागले. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका वरातीत पोरांनी घोडीच्या तोंडासमोर फटाक्यांची माळ लावली. यांनी लगाम धरून तिला मागं ओढलं तोवर ठिणगी डोळ्यात गेली होती. डोळा विझला. डोळा गेल्यावर ती उजव्या बाजूच्या आवाजाला बिचकायची. एकदा तिनं नवरदेवाला जवळजवळ पाडलंच. मग तिला कोणी बोलवेना. एका घोडीच्या कमाईवर दोन घोड्या. मुलगा ऑटो चालवतो, तो म्हणायचा एक काढून टाका. विकायला गेले तर घेणारा कशासाठी घेतोय हे त्यांना कळत होतं.

"खाटकाले द्यायची नव्हती," ते म्हणाले. "घरी ठेवली तर दोघीबी मरतीन असं वाटलं. श्रावणात लग्नं नसतेत. म्हणलं आता सोडली तर चार महिने रानात हिरवं हाय. कोणी तरी पाह्यल. तिले चालवत नेलं. ती चालून नव्हती राह्यली बरोबर, तरी माह्यासंगं आली. बाई, ती माह्यासंगं कुठंबी आली असती."

दवाखान्यातल्या सगळ्या नोकरीत मी मालकांना बोलणी लावत आले. आता तिथं बसून मला आठवायला लागलं की त्यांतल्या किती जणांच्या घरात मी कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

शेवटी मी त्यांना सांगितलं की घोडी आम्ही ठेवू, तुम्ही फक्त कागदावर लिहून द्या आणि तिची सवय-खोड आम्हाला समजावून सांगायला एकदा या. ते लगेच तयार झाले. पिशवीत खरारा टाकला, म्हणजे घोड्याचं अंग घासायचा दातेरी ब्रश, आणि माझ्याबरोबर बस स्टँडवर आले. मी तामसीकडच्या बसमध्ये दोन तिकिटं घेतली आणि गावाचं नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "त्या गावातलं कोणतं घर?" मी सांगितलं, विहाराच्या मागची गल्ली. त्यानंतर उतरेपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते. मला वाटलं घोडीच्या विचारात असतील.

दादानं ओसरीत टेबल मांडून ठेवलं होतं. कागद, कार्बन, पेन. त्यानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि लिहायला सुरुवात केली. घोडी मादी एक, रंग पांढरा, उजव्या डोळ्यानं अंध, पाठीवर जखम. मग विचारलं, "तुमचं नाव?" त्यांनी सांगितलं. "वडिलांचं?" तेही सांगितलं. "धंदा?"

"आधी टांगा. संगं लग्नाची घोडी."

"कधीपासून?"

त्यांनी सांगितलं. साल ऐकून दादाचं पेन थांबलं.

दादाचं लग्न झालं तेव्हा मी दहा वर्षांची होते. आमच्या वस्तीतला तो पहिला सरकारी नोकर. त्याच्या मित्रांनी ठरवलं की वरात घोडीवरून काढायची. आमच्या गावात आमच्या लोकांपैकी कोणी तोवर घोडीवर बसलं नव्हतं. आदिलाबादला जाऊन घोडी ठरवून आले. लग्नाच्या दिवशी मी नवीन फ्रॉक घालून शेजारच्या घराच्या गच्चीवर चढून रस्त्याकडं पाहत होते. दादा पांढरे कपडे घालून विहारासमोर बसला होता. घोडी आलीच नाही. दुपार कलली तेव्हा माझे वडील म्हणाले, "पाय हायेत ना आपल्याले." आणि वरात पायी निघाली. दादा सगळ्यांच्या पुढं चालला. त्यानं त्या दिवसाचा उल्लेख पुन्हा कधी केला नाही, आणि घरात कोणी केलेला त्याला चालायचा नाही. मी मोठी झाले ते हेच समजत की घोडीवाल्यानं आमची जात कळल्यावर यायचं टाळलं. त्या माणसाचं नाव मला माहीत नव्हतं. दादाला माहीत होतं, आणि आता सालही जुळलं होतं.

ओसरीत दादानं पेन टेबलावर ठेवलं. मग काकाच बोलले. खुर्चीवरून उठून उभे राहिले होते.

"मी आलतो," ते म्हणाले. "घोडी सजवून आणली होती. हिची पणजी ती. वेशीपाशी पाच-सहा जण उभे होते. त्याहीनं लगाम धरला. म्हणे पुढं गेला तर घोडीच्या पायाच्या नसा कापू. अन् ह्या सगळ्या पट्टीत तुले एकबी वरात भेटणार नाई. मी परतलो. घरी गेल्यावर निरोप तरी पाठवाले पायजे होता. नाई पाठवला. लाज वाटली. नंतर कित्येक वर्षं ह्या गावाची वरात घेतली नाई मी. पण ते तुमाले काय उपयोगाचं."

दादा कागदाकडं पाहत होता. त्याचा चेहरा मला वाचता आला नाही. बहीण असून नाही आला.

"तुमी वेशीपर्यंत आलते हे मले माहीत नव्हतं," तो म्हणाला. सावकाश, एकेक शब्द ठेवत. "आमी चार वाजेपर्यंत वाट पाह्यली."

"हो," काका म्हणाले.

"माह्या वडिलानं मरेपर्यंत मनाशी धरलं, का आपण घोडी ठरवाले नव्हती पायजे. आपली हौस नडली."

काकांनी मान खाली घातली. बाहेर गोठ्यात घोडी फुरफुरली. तिला त्यांचा आवाज ओळखू आला असावा.

दादानं पेन पुन्हा उचललं. "घोडीचं वय काय लिहू?" त्यानं विचारलं.

"सोळा."

त्यानं सोळा लिहिलं. काकांनी सही केली, मी साक्षीदार म्हणून केली. एक प्रत दादानं त्यांना घडी करून दिली. मग म्हणाला, "जा, भेटा तिले."

मला त्या दिवशी वाटलं होतं की काहीतरी होईल, दोघं एकमेकांचा हात धरतील किंवा दादा तरी त्यांना घालवून देईल. दोन्ही झालं नाही. काका गोठ्यात गेले आणि तासभर खरारा करत राहिले. घोडी मान त्यांच्या खांद्यावर टाकून उभी होती. दादा ओसरीतच बसून राहिला. बसची वेळ झाली तेव्हा त्यानं आतून भाकरी आणि बेसन आणून त्यांच्यापुढं ठेवलं. ते दोघं जेवले.

रक्ताचा अहवाल चांगला आला. आता घोडीला शेडमध्ये हलवता आलं असतं. मी दादाला तसं म्हणाले. तो म्हणाला, "काऊन? इथं काय वाईट हाय?"

खूर सरळ व्हायला वर्ष लागलं. खूर एकदम कापता येत नाही. थोडं थोडं कापत, दर महिन्याला नालबंदांना बोलवत, हळूहळू आकारात आणावं लागतं. हिरवा चारा कमी, कोरडं गवत जास्त, चंदी जवळजवळ बंद, असं डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं. काका आठवड्यातून दोनदा सकाळच्या बसनं यायचे. पहिले काही महिने दादा ते आले की शेतात निघून जायचा. मग एकदा घोडीनं त्याला गोठ्याच्या भिंतीशी दाबलं. तो उजवीकडून, तिच्या आंधळ्या बाजूनं, न बोलता गेला होता. बरगडी दुखत असताना त्यानं पुढच्या खेपेला काकांना विचारलं, "हिच्या जवळ कसं जायचं असते?"

"डावीकडून जा," काका म्हणाले. "अन् उजवीकडून जायचं काम पडलं तर बोलत जा. काईबी बोला. आवाज आधी, माणूस मंग."

दादाला जनावराशी काय बोलावं ते सुचेना. मग तो पेपर वाचायला लागला. सकाळी पेपर हातात घेऊन गोठ्यात शिरायचा आणि कापसाचे भाव, बदल्या, निधनवार्ता, सगळं मोठ्यानं वाचत तिच्या उजव्या बाजूनं पाण्याच्या टाकीपर्यंत जायचा. मी माहेरी गेले की ओसरीतून ऐकायची. वहिनी गेल्यापासून त्या घरात एवढं बोलणं मी ऐकलं नव्हतं.

काकांच्या दुसऱ्या घोडीचं काम चालूच होतं. तिच्यासाठी आम्ही काय करू शकतो ते मी त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी खोगिराखाली घालायला जाड नमदा मागितला, म्हणजे लोकरीचा गादीसारखा तुकडा, बाकी काही नाही. डॉक्टरीण बाई महिन्यातून एकदा तिला तपासायच्या. फटाके लावणार असाल तर मी येत नाही, असं ते आता ठरवतानाच सांगायला लागले. त्यामुळं काम कमी झालं. एका लग्नात शब्द देऊनही पोरांनी माळ काढली, तेव्हा त्यांनी नवरदेवाला हात देऊन उतरवलं आणि भर रस्त्यातून घोडी माघारी घेऊन आले. दोन बाजूंनी शिव्या खाल्ल्या. त्यानंतर त्यांनी धंदाच बंद केला. ती तरुण घोडी बेज्जूरकडच्या एका शेतकऱ्याकडं दिली. तिथं जंगलाकाठच्या दोन वाड्यांत रस्ता धड नाही, तो तिच्यावरून दूध आणतो. देण्याआधी काका तिथं दोन दिवस राहिले. घोडी पाहायला नाही, माणूस पाहायला, असं त्यांनी मला सांगितलं.

घरी घोडी नाही असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं. काका नुसते पडवीत बसून राहायला लागले. मुलगा माझ्याकडं आला, म्हणाला बाबा जेवत नाहीत. मग मी त्यांना आमच्याबरोबर न्यायला लागले.

त्याचा उपयोग मला अपेक्षित नव्हता तेवढा झाला. मी दारात गेले की मालकांना वाटतं तपासणीवाली बाई आली, आता केस होणार. काकांना पाहून कोणाला असं वाटत नाही. वांकिडीजवळ एका माणसाकडं लंगडं तट्टू होतं, आठवडी बाजाराला माल वाहायचं. पुढच्या पायाला गाठ आलेली, तरी ओझं चालूच. आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा त्यानं दार लावून घेतलं. तिसऱ्यांदा काका एकटेच आत गेले. आम्ही दोघी बाहेर चिंचेखाली उभ्या. बऱ्याच वेळानं तो माणूस तट्टू सोडून घेऊन बाहेर आला आणि आमच्याकडं न पाहता दोर डॉक्टरीण बाईंच्या हातात दिला.

वाटेत मी काकांना विचारलं, "काय सांगितलं त्याले?"

"काई नाई. माहीच गोष्ट सांगितली," ते म्हणाले. "मंग त्यानं त्याची सांगितली."

त्या माणसाची बायको आजारी होती आणि तट्टूखेरीज त्याच्याकडं माल न्यायला काही नव्हतं. तट्टू बरं होईपर्यंत त्याचा माल बाजारात न्यायची सोय आम्ही एका टेम्पोवाल्याकडून केली. ते तट्टू पुढं बरं झालं आणि त्याच्याकडंच परत गेलं. सगळी अशी परत जात नाहीत. काही आमच्याकडं येऊन मरतात. काहींचे मालक मला आजही रस्त्यात तोंड दाखवत नाहीत.

पांढरी घोडी दादाच्या गोठ्यात साडेतीन वर्षांहून थोडी जास्त राहिली. शेवटच्या उन्हाळ्यात, चैत्र संपता संपता, एका सकाळी तिनं चारा सोडला, मान वळवून सारखी पोटाकडं पाहायला लागली, मग बसायची, उठायची, पुन्हा बसायची. पोटशूळ. दादानं मला फोन केला, मी डॉक्टरीण बाईंना. आम्ही पोचलो तेव्हा काका आधीच तिथं होते. दादानं त्यांना माझ्याआधी फोन केला होता.

डॉक्टरीण बाईंनी नाकातून नळी घातली, तेल दिलं, सुया दिल्या. दोघं म्हातारे आळीपाळीनं तिला शेताच्या कडेनं चालवत होते, कारण तिला लोळू द्यायचं नव्हतं. दुपारपर्यंत तिच्या हिरड्या निळसर झाल्या. डॉक्टरीण बाईंनी तिच्या पोटाला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि मग माझ्याकडं पाहून मान हलवली. आतडं पिळलं होतं. अशा घोड्याला वाचवायला जे ऑपरेशन लागतं ते आमच्या जिल्ह्यात होत नाही.

कायमचं झोपवायची सुई द्यायची तर मालकाची संमती लागते. डॉक्टरीण बाईंनी हिंदीत विचारलं, कोण सांगणार.

दादा म्हणाला, "ह्यांना विचारा."

काका म्हणाले, "कागद तुमच्या नावानं हाय."

"कागदाचं राहू द्या," दादा म्हणाला.

काकांनी घोडीच्या कपाळावर हात ठेवला, तो तसाच डोळ्यांवरून खाली आणला आणि म्हणाले, "द्या. तिले लय त्रास होऊन राह्यला."

आम्ही तिला कडुनिंबाच्या सावलीत नेलं. काका डावीकडं बसले. दादा उजवीकडं उभा राहिला आणि तिला कळावं म्हणून बोलायला लागला. पेपर हातात नव्हता. काय बोलत होता ते मी नीट ऐकलं नाही. शेतातल्या बांधाचं काहीतरी, विहिरीला किती पाणी उरलं ते. ती पडेपर्यंत तो बोलत होता आणि पडल्यावरही थोडा वेळ.

बांधाच्या पलीकडं जेसीबीनं खड्डा खणला. चुना आणि मीठ टाकलं. माती लोटून झाल्यावर काकांनी हात धुतले, बसची वेळ विचारली. दादा म्हणाला, "आज राहा." ते राहिले. ओसरीत दोन खाटा टाकल्या. मी आदिलाबादला परत आले.

ते दोघं मित्र झाले असं मी म्हणणार नाही. दादा त्यांना अजून नावानं किंवा नात्यानं हाक मारत नाही, 'तुमी' म्हणतो. त्या लग्नाच्या दिवसाबद्दल पुन्हा बोलणं झालेलं मला माहीत नाही. एकदा मी दादाला विचारलं, तुला त्यांचा राग येतो का. त्यानं हातातल्या पेपरची घडी केली. मग म्हणाला, "राग ज्याहीनं लगाम धरला त्याहीचा. ते कोण होते ते मले माहीत हाय. त्यातला एक अजून रोज पारावर बसतो." आणि उठून शेतात गेला.

पावसाच्या तोंडाशी त्याचा फोन आला. गोठ्याला चुना मारून घेतला, म्हणाला, खाली मुरूम टाकला, आता चिखल होणार नाही. मग कार्यालयातल्यासारखं घसा साफ करून विचारलं, "तुमच्या डॉक्टरीण बाईकडं वीटभट्टीचं एखादं तट्टू हाय का? कागद मी तयार करून ठेवतो."